युनीची खोली

परतीची फेरीबोट बेटावरून सुटली आणि बाळ रडायला लागलं. ताईने दुधाची बाटली पुढे केली. बाळाने निपल ओठांनी चाचपलं, जिभेने बाहेर ढकललं आणि मान वळवून ताईच्या कुर्त्यावर तोंड घासायला सुरुवात केली. ताईने पुन्हा बाटली लावली, बाळाने पुन्हा ढकलली.

"भूक नसेल," दाजी म्हणाले.

मला ते पटलं नाही. मूल दत्तक देणाऱ्या एजन्सीच्या मॅडम गोह यांनी आम्हाला सांगितलं होतं, की मूल जन्मल्यापासून बाटलीवरच आहे. आई बाळंतपणानंतर लगेच कामासाठी दूर देशी निघून गेली, तिचा पत्ता नाही, आणि गेले पाच आठवडे त्यांच्या नर्सने मुलीला सांभाळलं आहे. पाच आठवडे बाटलीने दूध प्यालेलं मूल बाटलीकडे असं कधी न पाहिलेल्या वस्तूसारखं का बघेल? पुण्याहून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी इथे सिंगापूरला विद्यापीठाच्या एका लॅबमध्ये नुकती लागले होते. न जुळणारी गोष्ट दिसली की ती बाजूला टाकायची नाही, एवढं तिथे पहिल्या महिन्यात शिकवतात.

२००७ चा मे महिना होता. आम्ही चौघं सकाळच्या फेरीने समोरच्या इंडोनेशियन बेटावर मूल आणायला गेलो होतो. ताई म्हणजे माझी मोठी बहीण हिरा. दाजी म्हणजे तिचे यजमान रत्नदीप, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम बघायचे. चौथ्या दाजींच्या आई, नंदाकाकू. त्या खास यासाठी नागपूरहून आल्या होत्या. लेक घरी आणायला घरातली सगळी माणसं गेली पाहिजेत, हा आग्रह त्यांचाच. ताईच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. दवाखाने झाले, इंजेक्शनं झाली, दोनदा दिवस राहून गेले. मग मुलाखती आणि घराची तपासणी होऊन दत्तक घ्यायला मंजुरी मिळाली. त्या अकरा वर्षांत ताईने दुसऱ्याच्या बाळाला कधी उचलून घेतलेलं मला आठवत नाही. त्या दिवशी मात्र बाळ हातात आलं, आणि ते रडून लाल झालं तरी ती त्याला कुणाकडे द्यायला तयार नव्हती.

आमच्या मागे दोन रांगा सोडून मॅडम गोह बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी ती नर्स, युनी. वय माझ्याएवढंच असेल. करड्या रंगाचा स्कार्फ तिने कपाळापासून हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळला होता. ती समुद्राकडे बघत नव्हती. मी दोनदा वळून पाहिलं, दोन्ही वेळा ती आमच्या पाठीकडे बघत होती.

खरं तर मूल आम्हाला जूनमध्ये मिळणार होतं. पण दाजींच्या मनात नामकरण बुद्ध पौर्णिमेलाच करायचं होतं. त्या दिवशी इथे वेसाक डेची सुट्टी असते, सगळी मंडळी येऊ शकतात. "आपल्याकडे मुहूर्त बघत नाहीत, सुट्टी बघतात," असं ते हसून सांगायचे. त्यांनी मॅडमच्या मागे लकडा लावला आणि मॅडमनी मान्य केलं. फक्त मूल लहान आहे, तेव्हा ते रुळेपर्यंत नर्स आठवडाभर सोबत राहील, असं त्या म्हणाल्या.

शेवटी युनी उठून आली. काही न विचारता तिने ताईच्या हातातून बाळ घेतलं आणि मागच्या बाजूला गेली. बऱ्याच वेळाने परतली तेव्हा बाळ झोपलं होतं. बाटली ताईच्याच मांडीवर होती, तशीच भरलेली.

"काय जादू केली हिने?" ताई म्हणाली.

"ती प्रोफेशनल आहे," दाजी म्हणाले. "आपण अजून ट्रेनी."

सिंगापूरला उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत मॅडमनी आपल्या पर्समधून युनीचा पासपोर्ट काढला, शिक्का मारून घेतला आणि परत पर्समध्ये टाकला. युनीचा हात अर्धवट पुढे आला होता, तो तसाच खाली गेला.

ताईचा फ्लॅट मरीन परेडला, एका नव्या काँडोत, म्हणजे पहारा असलेल्या सोसायटीत, आठव्या मजल्यावर. इथल्या नव्या इमारतींत प्रत्येक घरात एक शेल्टर असतो: जाड काँक्रीटच्या भिंतींची, बिनखिडकीची छोटी खोली. तिचं दार पोलादी असतं आणि ते आतून दांडा फिरवून बंद करायचं असतं. युद्ध झालं तर घरच्यांनी तिच्यात बसावं म्हणून सरकारने केलेली सोय. युद्ध काही होत नाही, तेव्हा लोक तिथे सुटकेस आणि तांदळाच्या पिशव्या ठेवतात, नाहीतर कामाच्या मुलीला झोपवतात. दाजींनी तिथे इंटरनेटचं यंत्र ठेवलं होतं आणि भिंतीत वर हवेसाठी असलेल्या भोकातून त्याची वायर बाहेर काढली होती.

त्या संध्याकाळी जेवायच्या वेळी युनी आपलं ताट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि फरशीवर बसली. नंदाकाकूंनी ते पाहिलं. त्या उठल्या, तिच्या पुढचं ताट उचललं आणि टेबलावर आपल्या शेजारी आणून ठेवलं. तिला मराठी कळत नव्हतं, तरी तिला त्या मराठीतच सांगत होत्या, की माझ्या सासूने आयुष्यभर लोकांच्या अंगणात बसून, लांबून टाकलेलं खाल्लं. बाबासाहेबांनी आम्हाला तिथून उठवलं. माझ्या घरात कोणी खाली बसून वेगळं खाणार नाही, मग ती नर्स असो की राणी. युनी खुर्चीच्या कडेवर बसली. तिने आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग वरणभात खायला लागली. त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

रात्री तिला एजन्सीच्या खोलीवर न्यायला गाडी येणार होती. काकूंनी ती नको म्हणून कळवायला लावलं. "एवढ्याशा लेकराला रात्री कोण गप्प करील? तू?" त्यांनी दाजींना विचारलं. दुसऱ्या दिवशी बाळाला खाली बागेत न्यायचं म्हणून त्यांनी युनीला घराची जादा किल्लीही दिली. स्वतःच्या पलंगावर निम्मी जागा देऊ केली. युनीने मान हलवली आणि शेल्टरकडे बोट केलं. तिने केव्हाच तिथल्या सुटकेस एका बाजूला रचल्या होत्या, फरशी पुसली होती, चटई अंथरली होती. तांदळाच्या पिशव्यांच्या वरच्या फळीवर बाळाचे चार कपडे घडी करून ठेवले होते. ते आम्ही आणलेले नव्हते.

"मॅडम से," ती म्हणाली, "दिस माय रूम."

दाजींना फार मजा वाटली. आठवड्याची पाहुणी आणि माय रूम! पुढचे दोन दिवस ते शेल्टरला युनीची खोली असंच म्हणत होते.

बाळाने बाटली घेतली नाही, ती नाहीच. भूक लागली की युनी तिला आपल्या खोलीत घेऊन जायची आणि जड दार ओढून घ्यायची. काही वेळाने तृप्त, झोपलेलं बाळ बाहेर यायचं. ताईने एकदा विचारलं तेव्हा युनीने चमच्याने पाजल्याची खूण केली. पण उकळून ठेवलेलं दूध तसंच असायचं आणि चमचा कोरडा. लंगोट बदलताना मला हळदीसारख्या पिवळ्या रंगाची, जवळजवळ वास नसलेली शी दिसली. बाहेरच्या डब्याच्या दुधाची अशी नसते.

तिसऱ्या दिवशी बाळ ताईच्या खोलीत रडलं तेव्हा युनी माझ्यासमोर भाजी चिरत होती. तिचे हात थांबले. तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग उमटले आणि बघता बघता मोठे झाले. तिने स्कार्फचं टोक पुढे ओढलं आणि चिरणं चालू ठेवलं. रडण्याचा आवाज कानावर पडला की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि दूध आपोआप येतं. ते तिच्या ताब्यात नव्हतं. हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मी नंदाकाकूंना सांगितलं. त्या बाळाच्या टाळूवर तेल घालत होत्या.

"मले पहिल्याच दिवशी समजलं," त्या म्हणाल्या. "लेकरू अंगावर पिते. पिऊ दे. दूध आहे, इख नाही."

"पण मॅडम तर म्हणाल्या..."

"मॅडम काय म्हणाल्या ते मॅडमला विचार." मग त्यांनी बाळाची मान हलकेच वळवली. "हे पाह्य. हिचे कान कोणी टोचले का?"

बाळाच्या डाव्या कानाच्या पुढे, कान गालाला मिळतो तिथे, सुईच्या टोकाएवढं एक भोक होतं. टोचलेलं नव्हतं, जन्मतःच असलेलं. मी काकूंना समजावलं, की काही जणांना असं असतं, त्याने काही बिघडत नाही, आणि पुष्कळदा ते आईकडून नाहीतर वडलांकडून आलेलं असतं. काकूंनी त्या भोकाभोवतीचं तेल बोटाने पुसून काढलं.

दाजींनी मॅडमना फोन केला. मॅडम हसल्या. नर्सला स्वतःचं तान्हं मूल आहे, म्हणून तिला दूध येतं, आणि ती दयेपोटी पाजते. बेबीला चांगलंच आहे, तुम्ही वरी करू नका ला, असं इथल्या सवयीने शेवटी 'ला' लावून त्या म्हणाल्या. दाजींचा चेहरा सैल झाला. उत्तर दिसायला बरोबर होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, की मग तिचं स्वतःचं तान्हं मूल आठवडाभर कुणाचं दूध पितंय?

ताई या बोलण्याच्या वेळी तिथेच होती. ती उठून गेली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की युनी बाळाला घेऊन शेल्टरचं दार ओढायला लागली की ताई दर वेळी वॉशिंग मशीन लावते, मग आत कपडे असोत की नसोत.

बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी युनी न्हाऊन बाहेर आली. केस ओले म्हणून स्कार्फ खांद्यावर होता. मी पॅसेजमध्ये उभी होते. ती मला ओलांडून गेली तेव्हा तिच्या डाव्या कानाच्या पुढे, कान गालाला मिळतो तिथेच, मला ते भोक दिसलं.

ती परत काहीतरी धुवायला आत गेल्यावर मी ताई आणि दाजींना जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि सांगितलं. शंभर टक्के खात्री लॅबमध्ये तपासल्याशिवाय देता येणार नाही, पण दूध, शीचा रंग, डाग आणि कान, या सगळ्यांचं एकच उत्तर निघतं, असं म्हणाले. ही नर्स नाही, ही आई आहे. ती पळून गेलेली नाही, ती आपल्या घरात आहे. आणि तिचा पासपोर्ट मॅडमकडे आहे.

दाजी टेबलावर बोटांनी रेघा ओढत राहिले. ताई मात्र अगदी शांत होती.

"ऋचा, मला एक दिवस दे," ती म्हणाली. "उद्या तिला नाव मिळू दे. मग तू म्हणशील ते मी ऐकीन."

नाव तिने ठरवून ठेवलं होतं, उत्पला. मूल दिसायच्याही आधी.

दाजींनी पुन्हा मॅडमना फोन लावला, या वेळी गॅलरीत जाऊन. आत येऊन सांगितलं, की मॅडम म्हणाल्या, काही प्रॉब्लेम नाही, त्या उद्या कार्यक्रमाच्या वेळी येतील आणि मुलीला घेऊन जातील. मुलीला म्हणजे युनीला, हे विचारावं लागलं नाही. खालच्या गार्डकडे पाहुण्यांची नावं द्यायची होती, त्यांत त्यांनी मॅडम गोह यांचंही नाव लिहिलं. ताईने ऐकलं आणि ती खिडकीशी जाऊन समुद्रात उभ्या असलेल्या जहाजांकडे बघत राहिली. त्या रात्री काकूंनी युनीला पुन्हा आपल्या शेजारी बसवून वाढलं. युनीने जेवण झाल्यावर सगळ्यांची ताटं उचलली, घरच्यासारखी. जाताना तिने ताईच्या खांद्याला हात लावला. ताईने खांदा हलवला नाही.

सकाळी घर उजळलेलं होतं, पाहुणे यायला अजून वेळ होता. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली होती, फुलं होती, मेणबत्त्या लावायच्या होत्या. काकूंनी बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं. पाणी जाऊ नये म्हणून कानात कापसाचे छोटे बोळे घातले. मग त्यांनी पेटीतून नागपूरहून आणलेलं पांढरं सुती कापड काढलं. कसर लागू नये म्हणून घड्यांत कापराच्या वड्या ठेवलेल्या होत्या. कापड उलगडताच तो वास सगळ्या घरात पसरला. मांडणीखाली अंथरायला एक तुकडा आणि बाळाला गुंडाळायला एक, असे त्यांनी काठाला दातांनी चीर देऊन हातांनी सरळ फाडले. धुतलेलं, नवं, बिनशिवलेलं कापड. आमच्याकडे मंगल कार्याला पांढरंच असतं. फाडण्याचा आवाज लांब आणि कोरडा होता.

युनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. फाडण्याचा दुसरा आवाज झाला तशी ती पुढे आली.

"बेबी सिक?" तिने विचारलं.

"नो सिक," काकू आनंदाने म्हणाल्या. "फर्स्ट क्लास!"

तेवढ्यात ताई खोलीतून बाहेर आली, पांढरी साडी नेसून. मागून दाजी पांढऱ्या कुर्त्यात. काकूही पांढऱ्यात होत्या, मीही. युनीने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, अगदी पहिल्या दिवशी टेबलावर पाहिलं होतं तसंच. काकूंनी बाळाला त्या कापडात पायापासून डोक्यापर्यंत गुंडाळलं, फक्त चेहरा उघडा ठेवला. मेणबत्ती लावायला हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी ते गाठोडं युनीच्या हातात दिलं. "धर जरा," त्या म्हणाल्या.

युनीने बाळ छातीशी घेतलं. ती वळली आणि चालत, धावत नाही, चालत शेल्टरमध्ये गेली. दार बंद झालं. मग आतून दांडा फिरल्याचा आवाज आला. तो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

दाजींनी दार ठोठावलं. पोलादावर मुठीचा आवाज फारसा होत नाही. ताईने दोन्ही तळहात दारावर ठेवले आणि युनी, युनी म्हणत राहिली. वरच्या भोकातून फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा येत होतं, मलयसारखं, आम्हाला न कळणारं, आणि मधेच बाळाचं रडणं. भोकातून हवा आत जात होती, त्यामुळे गुदमरण्याची भीती नव्हती. पण आत पंखा नव्हता, बाहेर मे महिन्याचं ऊन होतं आणि मूल सव्वा महिन्याचं होतं. त्या उकाड्याचा हिशेब मला येत नव्हता.

लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारी फरीदा मलय आहे. सुट्टी होती, ती घरी होती. मी तिला फोन लावला, स्टुलावर चढले आणि मोबाईल स्पीकरवर करून भोकाशी धरला. फरीदा थोडा वेळ नुसती ऐकत राहिली.

मग ती मला म्हणाली, "तुमच्या घरी कोणी वारलंय का?"

"नाही. का?"

"मग ती बाळाला दफन करू देणार नाही असं का म्हणतेय?"

मी तिला सगळं सांगितलं, कापड, फाडणं, कापूर, कापूस. "आमच्यात मयताचं कापड असंच असतं, ऋचा," ती म्हणाली. "पांढरं, न शिवलेलं, हाताने फाडलेलं. कापूर आणि कापूससुद्धा. तिला वाटतंय, मूल आजारी आहे आणि तुम्हाला ते आधीच कळलंय. नाहीतर तुम्ही त्याला काहीतरी करणार आहात."

नंदाकाकूंना मी मराठीत सांगितलं. त्या आपल्या हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो गोळा केला आणि पाठीमागे धरला, जणू तो कुणी पाहू नये.

फरीदा भोकातून बराच वेळ बोलली. नामकरण, सण, शुभ कपडे, हे शब्द मला तिच्या सुरावरून ओळखता येत होते. आतलं रडणं कमी झालं. मग युनी बोलायला लागली, आता हळू, सलग.

"तिला कापडाचं पटलं," फरीदा म्हणाली. "पण ती दुसरं विचारतेय. एजंट बाईने तिला सांगितलं होतं, की सिंगापूरला एका घरी कामाला जा, मूल त्याच घरात वाढेल, तुला तिथे छोटी खोली मिळेल. म्हणून तिने मूल दिलं. इथल्या आजीने टेबलावर बसवलं, किल्ली दिली, तेव्हा तिला ते खरं वाटलं. काल तुझे दाजी गॅलरीत फोनवर दोनदा तिच्याकडे बघून बोलले. तिला विचारायचंय, मी इथे राहणार आहे की नाही? ते कळल्याशिवाय ती दार उघडणार नाही."

काकू खुर्चीत बसल्या. टेबल, ताट, किल्ली, हे सगळं त्यांचं होतं.

दाजींच्या हातात त्यांचा मोबाईल होता, पलीकडे मॅडम. त्या वाटेत होत्या. दाजी मॅडमचं बोलणं ऐकून आम्हाला सांगत होते, आणि ते सांगताना त्यांचा आवाज त्यांचाच वाटत नव्हता. हो म्हणा, एवढंच मॅडमचं म्हणणं होतं. राहशील म्हणा, ती दार उघडेल, मी येते, फिनिश ला.

"हिरा, हो म्हणू," दाजी म्हणाले. "आत लेकरू आहे. आधी दार तर उघडू दे. पुढचं पुढे बघू."

"पुढचं काय बघणार आहात?" ताईने विचारलं.

दाजींनी मोबाईलवर हात ठेवला.

ताईने दारावरचे हात काढले. पोलादावर तिच्या तळव्यांचे ओले ठसे उमटले होते. ती स्टुलाजवळ आली आणि वर बघून फोनशी बोलली. इंग्रजीत, सावकाश, फरीदाकडून एकही शब्द निसटू नये अशी.

"फरीदा, तिला सांग, ते खोटं आहे. आम्हाला सांगितलं होतं की हिची आई निघून गेली. काल मला कळलं, ती गेलेली नाही. कळूनही मी एक दिवस मागून घेतला, हेही सांग. मूल तिचं आहे. न्यायचं असेल तर तिने न्यावं. मी मागणार नाही."

"नक्की सांगू?" फरीदाने विचारलं.

"अकरा वर्षं, हिरा," दाजी हळूच म्हणाले.

"सांग," ताई म्हणाली.

फरीदाला ते सांगायला फार थोडे शब्द लागले. नंतर आतून काहीच आलं नाही. युनीचा आवाज नाही, बाळाचा नाही. मी फोन भोकाशी धरून उभी होते आणि माझा हात भरून आला तरी तो खाली घ्यायची मला भीती वाटत होती.

मग दांडा फिरला.

दार हातभर उघडलं आणि गरम, कोंदट हवा तोंडावर आली. युनी सुटकेसना टेकून बसली होती. बाळ उघडंच तिच्या छातीशी होतं आणि पीत होतं. पांढरं कापड कोपऱ्यात भिरकावलेलं होतं, कापसाचे बोळे चटईवर पडले होते. ताई उंबऱ्याशी थांबली. तिने हात पुढे केले नाहीत. तिने फक्त पाहिलं, आणि मला वाटतं, ते पिणं ती पहिल्यांदाच बघत होती.

भिंतीवरचा इंटरकॉम वाजला. दाजींनी उचलला. गार्डचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला, की मॅडम गोह आल्या आहेत, सोबत दोन माणसं आहेत, मॅडमचं नाव यादीत होतं म्हणून त्यांना वर सोडलं आहे.

गोह हा शब्द युनीला कळला. तिचा हात दांड्याकडे गेला. त्याच क्षणी ताई आत शिरली, चटईवर तिच्या शेजारी बसली, आणि दार आतून ओढून घेतलं. दांडा फिरला. या वेळी तो कुणी फिरवला, मला दिसलं नाही.

दाजी रिसीव्हर हातात धरून उभे होते. नंदाकाकूंनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढली, ज्या खुर्चीवर त्यांनी युनीला बसवलं होतं तीच, आणि शेल्टरच्या दारासमोर ठेवून तिच्यावर बसल्या.

"रत्नदीप, पोलिसाले फोन लाव."

दाजी म्हणाले, की आई, कागदावर आपल्या सह्या आहेत. उद्या आपल्याला या देशातून काढून दिलं तर? नोकरी, हे घर...

"लाव," काकू म्हणाल्या.

दाजींनी नंबर फिरवला. ते पत्ता सांगायला लागले, आणि आपलाच पत्ता सांगताना दोनदा अडखळले. लिफ्ट थांबल्याचा आवाज झाला. पॅसेजमधून पावलं आली आणि आमच्या दाराशी थांबली. बेल वाजली. मग बाहेरून मॅडमचा आवाज आला, रोजच्यासारखाच गोड, की बेबी झोपलं का?

कुणी उठलं नाही. बेल पुन्हा वाजली. मी अजून स्टुलावरच होते, आणि भोकातून ताईचा आवाज येत होता. ती साध्या इंग्रजीत युनीला विचारत होती, की बेबीचं नाव काय. तू ठेवलंयस ना काहीतरी?

युनी म्हणाली, "मेलाती."

"मेलती," ताई म्हणाली.

"मेलाती."

दाराबाहेर आता मॅडम बोलत नव्हत्या. कुणीतरी पुरुष बोलत होता, आणि कडीचा आवाज येत होता. आत ताई ते नाव पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा, नीट येईपर्यंत.